परसदारातले वडील

पोळा श्रावणातल्या अमावास्येला आणि गणपती भाद्रपदातल्या चतुर्थीला. मध्ये जेमतेम चार दिवस. आदिलाबादच्या जुन्या मराठी घरांत या चार दिवसांत एकच काळी माती दोनदा मळली जाई. आधी तिचे बैल व्हायचे. मग उरलेल्या गोळ्याचा, धाकट्यांच्या हट्टाखातर, एक वेडावाकडा गणपती. पूजेची मूर्ती कुंभाराकडून पाटावर बसून यायची; तिच्याशी या गणपतीची काही स्पर्धा नव्हती. हा परसात, पाणी तापवायच्या चुलीशेजारच्या दगडावर बसायचा. दुसऱ्या दिवशी त्याची सोंड गळून पडे आणि वडील पाण्याचे बोट लावून ती पुन्हा चिकटवत.

स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचा म्हटले की देशमुखी-देशपांडेपण, निजामाचा अंमल, रझाकारांचे दिवस, प्रांतरचना असे विषय आपोआप पुढे येतात. या वेळी आम्ही वेगळ्याच गोष्टीचा माग काढायला बसलो. आमच्या घरांतले वडील आपल्या मुलांशी खेळत होते का? खेळत असतील तर कुठे, आणि कशाने? आदिलाबाद शहरातल्या, बेला आणि जैनदकडच्या वडीलधाऱ्यांना आम्ही विचारले, तेव्हा पहिले उत्तर जवळपास सगळीकडे एकच आले. "वडील आणि खेळतील? त्यांच्यासमोर उभं राहायची छाती नव्हती आमची." मग चहा यायचा, गप्पा पावसापाण्यावर जायच्या, आणि मध्येच कोणीतरी दोन्ही हात पुढे करून हवेत एक गाडी बनवायला लागायचे. चाक असे, साटी अशी, जू असे. ती गाडी कोणी करून दिली होती, हे विचारल्यावर थोडे थांबून उत्तर यायचे, "आमच्या भाऊंनीच की."

इथे 'भाऊ' म्हणजे वडील. हे नव्या पिढीला समजावून सांगावे लागेल. एकत्र कुटुंबात धाकटे दीर-भावंडे ज्या नावाने हाक मारत, त्याच नावाने पोटची मुलेही आपल्या वडिलांना हाक मारत. कोणाचे वडील भाऊ, कोणाचे दादा, कोणाचे अण्णा, तर कोणाचे चक्क काका. ही नुसती सवय नव्हती, तिच्यामागे एक रीत होती. आपल्या वडिलांच्या, थोरल्या भावाच्या देखत स्वतःच्या मुलाला उचलून घेणे, त्याचा मुका घेणे हे गैर समजले जाई. पुतण्याला खांद्यावर घेऊन गावभर हिंडलेले चालायचे. स्वतःचे मूल रडत असले तरी ओसरीवर त्याला जवळ घ्यायचे नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत आमच्यातल्या पुष्कळ घरांत ही रीत पाळली जात होती. आज तिच्याकडे पाहून हसू येते, आणि थोडा रागही येतो.

पण घराला ओसरी होती तसे परसही होते. पुढे ओसरी आणि बैठक, मध्ये माजघर, त्यामागे सैपाकघर, आणि मागचे दार उघडले की परस. न्हाणी, गोठा, कडब्याची गंजी, उखळ, शेवगा, सीताफळ, एखादी चिंच. यवतमाळकडच्या सोयऱ्यांच्या तोंडी याला 'सांदवाडी' होते, शेजारचे तेलुगू लोक 'पेरडू' म्हणायचे. घरातली कर्ती म्हातारी माणसे दिवसभर ओसरीवर असत. परस हे बायकांचे, बैलांचे आणि मुलांचे. वडिलांना तिथे जायला निमित्त लागे, आणि शेतकऱ्याच्या घरात निमित्तांना तोटा नसतो. अंबाडीचा दोर वळायचा आहे, विळ्याला धार लावायची आहे, वखराची पास बसवायची आहे. हातात काम असले की मूल बाजूला येऊन बसलेले कोणाला खुपत नसे. मग त्या कामातल्या उरल्यासुरल्या तुकड्याचे काहीतरी व्हायचे. आमचे म्हणणे एवढेच आहे की ओसरीवरचे आणि परसातले हे दोन निराळे वडील होते, आणि आमच्या कुटुंबांच्या इतिहासात फक्त पहिल्याची नोंद राहिली.

हे दुसरे वडील फार जुने आहेत. सातवाहन राजा हाल याने संकलित केलेली 'गाथासप्तशती' ही महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या आजीच्या भाषेतली. तिच्यात गोदावरीकाठची गावे, शेते, घरे जागोजाग आहेत. ती गोदावरी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा. पलीकडच्या काठावर कोटिलिंगाल येथे सातवाहनांची नाणी सापडली आहेत. या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीच्या गाथांपैकी एकीत रुसलेल्या बायकोची समजूत काढायला नवरा तिच्या पायांशी वाकलेला आहे. तेवढ्यात त्यांचा लहानगा मागून येतो आणि बाप घोडा झाला आहे असे समजून त्याच्या पाठीवर चढतो. इतका वेळ धुमसत असलेल्या त्या गृहिणीला हसू आवरत नाही. राजेरजवाड्यांची दाने आणि विजय कोरलेले शिलालेख त्या काळचे पुष्कळ आहेत. पाठीवर पोर घेतलेला हा साधा बाप मात्र एका गाथेत सापडतो, आणि तोही घरातच, चारचौघांत नाही.

दुसरा जुना पुरावा नाटकाचा. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'मुळे शूद्रकाचे हे नाटक मराठी माणसाला घरचे वाटते. नाटकाचे नावच मातीच्या खेळगाडीवरून पडले आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा रोहसेन तशीच गाडी मागतो. घर दरिद्री झालेले. दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते. तो रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत घालते. रसिकांना दागिने आठवतात. आम्हाला या वेळी रदनिका आठवली. गाडी बापाने केलेलीच नाही, दासीने केली आहे.

ती आठवण्याला कारण आहे. आमच्यातल्या मोठ्या शेतीवाल्या घरांत, खरे सांगायचे तर, पहिली गाडी बहुतेक वेळा सालदाराच्या हातची असे. वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. दिवसभर मालकाच्या शेतात आणि संध्याकाळी मालकाच्या गोठ्यात. मालकाचा मुलगा त्याच्याभोवती घोटाळायचा आणि तो त्याला भोवरा तासून द्यायचा, गलोलीसाठी बेचके शोधून आणायचा. त्याचे स्वतःचे पोर तेव्हा गावकुसाजवळच्या घरी वाट पाहत असे, आणि बाप पोचेपर्यंत ते झोपलेले असे. आमच्यापैकी एकाने सांगितले, की आपल्याला दोर वळायला आणि बैल करायला शिकवले ते सालदारकाकांनी. पुढे त्यांच्या मुलाशी वर्गात ओळख झाली तेव्हा कळले की त्याला यातले काही येत नव्हते. ही गोष्ट ऐकल्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. वडिलांच्या खेळाचा इतिहास लिहिताना ज्यांचा वेळ विकत घेतला गेला, त्या वडिलांचेही नाव त्यात असायला हवे.

वेळेचा प्रश्न इतरांनाही होताच, आणि तो कापूस ठरवायचा. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग निंदण आणि डवरणी पोळ्यापर्यंत. दसऱ्यानंतर बोंडे फुटायला लागली की वेचणी सुरू, ती संक्रांतीच्याही पुढे. त्या दिवसांत वडील दिसत नसत. वेचलेला कापूस गाडीत दाबून भरायचा आणि आदिलाबादच्या बाजारात न्यायचा. तिथे गाड्यांच्या रांगेत रात्र काढावी लागे. मुलांना वडील भेटत ते दोनदा. एकदा श्रावणातल्या झडीत, शेतात पाय घालता येत नाही तेव्हा, आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्यात, भर दुपारी. खेळणीही म्हणून दोन हंगामांची: पावसाळ्यातली मातीची, उन्हाळ्यातली धांड्यांची आणि लाकडाची.

धांड्याची गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. ज्वारी काढल्यावर कडब्यातला जाड, सरळ, किडीने न पोखरलेला धांडा निवडायचा. त्याची वरची चिवट साल नखाने किंवा विळ्याच्या टोकाने सोलून लांब पट्ट्या काढायच्या; आत पांढरा, हलका, स्पंजासारखा गाभा राहतो. गाभ्याचे तुकडे म्हणजे गाडीचे लाकूड, आणि सालीच्या पट्ट्या म्हणजे खिळे, आरे, धावा, सगळे काही. पट्टी वाकवून गोल केली की चाकाची धाव, मध्ये गाभ्याचा तुंबा, त्यात सालीचे आरे खोचायचे. दोन चाके, आस, साटी, धुरा, जू. खिळा नाही, डिंक नाही, दोरा नाही. साल धारदार असते. बोट कापले की वडील त्यावर चुना दाबून धरत. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून चाक कधी नीट होत नाही, भोक एका बाजूला जाते. "चाकाले भोक मधात पाड, नाहीतं गाडी लंगडते," हे वाक्य एका आजोबांनी आम्हाला वडिलांच्या आवाजात म्हणून दाखवले. बापाने शिकवलेले दुसरे काही त्यांना इतक्या स्पष्टपणे आठवत नव्हते. आठवत होती ती काळीभोर बोटे, अंगठ्याच्या नखातली जुनी चीर, आणि काम करताना तोंडातल्या तोंडात चाललेले गुणगुणणे. ओसरीवर ते कधी गुणगुणलेले नव्हते.

मातीचे बैल हे याहून अवघड काम. आमची माती कापसाची काळी माती. ओली असताना लोण्यासारखी, आणि वाळली की भेगाळते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तर बोटभर बैलाची काय कथा. म्हणून नाल्याच्या काठची पोयट्याची माती आणायची, खडे वेचायचे, रात्रभर भिजवायची आणि मळताना तिच्यात थोडा कापूस पिंजून घालायचा. कापसाच्या तंतूंनी माती धरून राहते. पाय जाड ठेवायचे, वशिंड आधी करायचे आणि मान मागाहून. शिंगांच्या जागी बाभळीचे काटे चालत, पण हौशी वडील मातीचीच शिंगे करून आत काडी घालत. डोळ्यांना गुंजा, नाहीतर ज्वारीचे दाणे. वाळवायचे ते सावलीत. उन्हात ठेवले की संध्याकाळी बैल तडकलेला. मग चुना, गेरू आणि काजळ.

बैल कोणते करायचे, हा मात्र प्रश्न नसायचा. आपल्या गोठ्यात जी जोडी असेल तीच. ढवळ्या असेल तर चुना, तांबडा असेल तर गेरू, कपाळावर चांद असेल तर तोही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीने मळायचे, तसे मुलेही आपल्या मातीच्या बैलांना हळद लावत. खऱ्या जोडीला झूल, बाशिंग आणि घुंगरू. तोरणाखाली झडत्या म्हटल्या जात. लहानांचे बैल त्या वेळी परसात ओळीने उभे असत.

त्यांची पाळी दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. हा मुलांचा पोळा नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ मध्ये सुरू केला, असे नागपुरात सांगतात. तिथे लाकडी बैल चाकांवर बसवून मिरवतात आणि माणसाएवढे बैलही निघतात. वऱ्हाडातून, पैनगंगा ओलांडून, ही रीत लेकीसुनांबरोबर आमच्याकडे आली. आमचे बैल मातीचे, म्हणून ओढता येत नसत. पाटावर ठेवून, दोघांनी पाट धरून घरोघर न्यायचे आणि बोजारा गोळा करायचा. एखादा आणा, मूठभर फुटाणे, करंजी. वाटेत पाट कलंडला तर बैलाचा पाय मोडायचा आणि रडारड व्हायची. अशा वेळी वडील काय म्हणाले, हे बहुतेकांना आठवत नाही. संध्याकाळी पाय जोडलेला असायचा.

याच दिवसांत उटनूर, नारनूर, इंद्रवेल्लीकडच्या गोंड गुड्यांत मुले बांबूच्या उंच काठ्यांवर उभी राहून चिखल तुडवत असतात. आपल्याकडे त्याला गेडी म्हणतात. पोळा झाला की त्या काठ्या टाकून द्यायच्या. गुड्यातले बाप-काका त्या करून देतात आणि मुलाच्या उंचीप्रमाणे पाय ठेवायची खुंटी वरखाली बांधून देतात. बाजारच्या निमित्ताने हे पाहून आलेल्या आमच्या काही वडिलांनी आपल्या परसातही गेडी केली. ती शिकायची तर कोणीतरी धरावे लागते. बाप आणि मूल एकमेकांना धरून उभे, आणि तेही रीतीला बाध न आणता. तोल जाऊन मूल खाली आले तर थेट वडिलांच्या अंगावर. आमच्यातले एक गृहस्थ म्हणतात, की आपण दोनतीनदा मुद्दाम पडलो होतो.

मुलींचे काय, असे आमच्या भगिनींनी टिपण वाचल्यावर लगेच विचारले, आणि बरोबर विचारले. मुलींना भोवरा नव्हता, गाडी नव्हती. भातुकलीची बोळकी कुंभाराकडून यायची. पण नागपंचमीचा झोका वडील बांधत. चिंचेची फांदी पारखणे, कासरा नको म्हणून नवा जाड दोर काढणे, फांदीला सोलवटू नये म्हणून खाली गोणपाट गुंडाळणे, आणि आधी स्वतः बसून पाहणे. अंगात बाराबंदी, डोक्याला रुमाल आणि मिशा असलेला माणूस झोक्यावर बसलेला पाहणे हाच मुलींसाठी सणाचा अर्धा आनंद होता. सासरी गेलेल्या लेकीसाठीही झोका बांधला जाई, ती आली नाही तरी.

आता विटीदांडूकडे येऊ; कारण आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातला एक मोठा धागा या खेळात अडकला आहे. बाभळीची विटी दोन्ही टोकांनी तासायची, दांडू हातभर. हे काम वडिलांचे, मुलांच्या हाती कुऱ्हाड देत नसत. खेळ तुकोबांनाही ठाऊक होता. विटूदांडू, चेंडूफळी, टिपरी, हमामा यांवर त्यांचे अभंग आहेत. विटी कुठे पडली तिथपासून दांडूने मापायचे आणि मोजायचे: वकट, लेंड, मुंड, नाल. पुण्यापासून वऱ्हाडापर्यंत मुले थोड्याफार फरकाने असेच मोजत आली. हे शब्द कुठले, हे तिकडे कोणाला सांगता येत नसे. आमच्या शेजारच्या घरातल्या तेलुगू मुलाला मात्र ते लगेच कळायचे. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. एक, दोन, तीन, चार. भाषेच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. मराठी मुलाच्या सगळ्यात मराठी खेळातली मोजणी तेलुगू निघाली, यात आम्हाला तरी आश्चर्य वाटत नाही. आमच्या गावांत हाच खेळ 'चिर्रगोने' म्हणून खेळणारी मुले त्याच मैदानात होती, भोवऱ्याला ती 'बोंगरम' म्हणत, आणि रडी खाणारा दोन्ही भाषांत रडीच खात होता.

या मोजणीला १९५६ नंतर वेगळाच अर्थ आला. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत होते. आमचे आजोबा घरात मराठी बोलत, कचेरीत उर्दू लिहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट मुंबई राज्यात गेले. आज राजुरा चंद्रपुरात आहे आणि किनवट नांदेडात. नांदेडकडचे मुधोळ आमच्याकडे आले. आदिलाबाद, बेला, जैनद आंध्र प्रदेशात राहिले. पैनगंगेच्या दोन्ही काठांना तेच सोयरे, तीच आडनावे, तोच कापूस, पण शाळेची लिपी बदलली. मराठी शाळा काही ठिकाणी टिकल्या, आजही आहेत. तरी नोकरीचा विचार करून कित्येकांनी मुलांना तेलुगू शाळेत घातले.

याचा घरात काय परिणाम झाला, ते एका ज्येष्ठांनी सांगितले. त्यांच्या वडिलांना मोडी वाचता येत होती, उर्दू सुंदर लिहिता येत होते, हिशेब तोंडपाठ. मुलाची तेलुगू पाटी मात्र ते उलटी धरायचे. ओसरीवर अभ्यास घ्यायचा अधिकार असलेला माणूस एका वर्षात अडाणी ठरला. त्यांनी अभ्यास घेणे सोडले. पण परसात विटीदांडूच्या वेळी ते बाजूला उभे राहून मोठ्याने मोजू लागले, वकट, लेंड, मुंड, आणि मुलगा शाळेत शिकलेले ओकटी, रेंडू, मूडू म्हणू लागला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "अरे, हे तर मले येते," असे वडील म्हणाले म्हणे. त्या दिवसापासून मुलगा रोज दोन-चार तेलुगू शब्द परसात आणायचा, आणि वडील त्या बदल्यात भोवऱ्याचे, गाडीचे, दोराचे मराठी शब्द द्यायचे. आर, जाळी, तुंबा, धाव, साटी, धुरा. हे शब्द आमच्या मुलांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. आमच्याकडे ते राहिले, कारण ते कोणीतरी हातात वस्तू धरून उच्चारले होते.

शहराकडे आलेल्यांची परसे लहान झाली. कोणी शिक्षक, कोणी महसुलात, कोणी जिनिंगमध्ये, कोणी बँकेत. सुट्टी आता कापसाच्या नव्हे, कॅलेंडरच्या हातात गेली, आणि एका अर्थाने बरे झाले: रविवार ठरलेला असायचा. सामानही बदलले. जुन्या हवाई चपलेच्या तळव्यातून चार चाके कापायची. बेअरिंग मिळाले तर फळीची गाडी. काड्यापेटीचे डबे जोडून मुदखेडला जाणारी मीटरगेज गाडी. उन्हाळ्यात मुंजल, म्हणजे ताडगोळे, खाऊन झाले की रिकाम्या फळात काडी घालून चाके करायची आणि दुबेळक्याच्या काठीने ढकलायची. ही शेजारच्या तेलुगू वडिलांकडून आलेली विद्या. आमच्या वडिलांनी ती उचलली आणि आपलीच म्हणून मिरवली. असो.

विकतची खेळणी नव्हती असे नाही. निर्मळ तर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. ११ ऑक्टोबर २०१६ ला जिल्ह्याचे चार झाले तेव्हा ते वेगळे निघाले. तिथले नकाशी कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाची फळे, पाखरे आणि प्राणी करतात, चिंचोक्याच्या लगद्याने सांधे बुजवतात आणि असा रंग देतात की पेरू खरा समजून माशी बसावी. ती कला मोठीच. पण आमच्या घरांत निर्मळचे खेळणे फडताळात, काचेमागे राहायचे. पाहुणे आले की दाखवायचे, मुलांनी हात लावायचा नाही. ते मोडले तर जोडता येत नव्हते.

याच सुमारास बाहेरच्या जगातही कोणी या गोष्टींकडे गंभीरपणे पाहत होते. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, काड्यापेटीच्या काड्या, रिकाम्या रिफिली यांची खेळणी करून विज्ञान शिकवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हेच केले, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मराठीत आलेली पुस्तके आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी पाहिली आणि ते थोडे खट्टू झाले. "आमच्या बाबांनी हे सगळं केलं, पण का फिरते ते सांगितलं नाही," असे ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्यांनाही ठाऊक नसेल. आमच्याबरोबर पाहत होते."

एवढे सगळे ऐकून झाल्यावर आम्ही पुरावे शोधायला लागलो. वस्तू दाखवा, असे घरोघर विचारले. एका माळ्यावर सुताराने केलेला पांगुळगाडा मिळाला, तीन चाकांपैकी दोन शाबूत. एका ठिकाणी निर्मळचा पोपट. फोटो पुष्कळ मिळाले: वडील खुर्चीवर, कोट आणि टोपी, गुडघ्यावर हात, मुले शेजारी लाकडासारखी ताठ. परसातला एकही फोटो नाही. वडिलांच्या हातची वस्तूही एक नाही. धांड्याच्या गाड्या चुलीत गेल्या किंवा गुरांनी खाल्ल्या, बैल पावसात विरघळले, झोक्याचा दोर मोटेला लागला.

शेवटी आम्ही बेल्याकडच्या एका घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलो होतो. ऐंशी ओलांडलेले आजोबा हैदराबादहून आलेल्या पणतूसाठी बैल करत होते. हात थरथरत होते, पण वशिंड एका दाबात उठले. दोन बैल झाले. दोघांपैकी एकाचे डावे शिंग आखूड होते. पणतूने ते दाखवून दिले, तेव्हा आजोबांनी बैल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे. डाव्या बैलाचं असंच असते."

आम्ही विचारले, असेच का? त्यांना सांगता आले नाही. त्यांच्या वडिलांनी तसे शिकवले होते. आत बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने सैपाकघरातून ओरडून सांगितले, की आपल्याकडे एक तांबडा बैल होता, गाडी उलटली तेव्हा त्याचे शिंग मोडले होते. तू रांगत होतास तेव्हा.

आजोबांनी गेरूची वाटी जवळ ओढली.